गोलमागचा आवाज

दादा मेलबर्नला शिकायला गेला तेव्हा त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. आम्ही पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये क्रिकेट खेळून वाढलेलो. तिकडे जाऊन त्याला जेमतेम काही महिने झाले होते. हॉस्टेलवरच्या एका इराणी मुलाकडे एक जादा तिकीट होतं, म्हणून तो त्याच्याबरोबर मॅचला गेला. खरं तर ग्राउंड बघायला गेला. क्रिकेटचं ते जगप्रसिद्ध मैदान, टीव्हीवर लहानपणापासून पाहिलेलं.

मॅच ऑस्ट्रेलिया विरुद्ध इराण. जो पुढे जाईल तो वर्ल्ड कपला. पहिली लढत तेहरानमध्ये एक-एक अशी बरोबरीत सुटली होती, ही दुसरी आणि शेवटची. ऑस्ट्रेलियानं दोन गोल मारले. सगळं स्टेडियम नाचत होतं. तेवढ्यात प्रेक्षकांतला एक वेडा माणूस मैदानात घुसला आणि त्यानं इराणच्या गोलचं जाळं फाडलं. खेळ थांबला. माणसं येऊन जाळं बांधत बसली. खेळ परत सुरू झाला आणि काही वेळानं इराणनं बघता बघता दोन गोल केले. दोन-दोन. दोन्ही मॅच मिळून बरोबरीच, पण परक्या मैदानावरचे गोल जास्त म्हणून इराण वर्ल्ड कपला गेलं. ऑस्ट्रेलिया त्या सगळ्या पात्रता फेरीत एकही मॅच हरली नाही आणि तरी घरी बसली.

"जाळं बांधून झाल्यावर मैदानात इराणचे तेच अकरा जण होते," दादा मला नंतर कितीदा तरी सांगायचा, "पण ते ते नव्हते गं. त्यांच्यात काहीतरी शिरलं होतं. आणि एवढी माणसं, पण आवाज नाही. मी असली शांतता कुठे ऐकली नाही."

शेजारी तो इराणी मित्र उड्या मारत होता आणि दादा रडत होता. जो देश नीट पाहिलाही नव्हता त्याच्यासाठी. त्या दिवसापासून तो ऑस्ट्रेलियाच्या टीमचा झाला.

पुढे त्याला नोकरी लागली, लग्न झालं, तो तिथलाच झाला. वहिनी नाशिकची, तिला खेळाचं काही नाही, पण ती त्याच्याबरोबर शनिवारी ग्राउंडवर जायची, थर्मासमध्ये चहा घेऊन. ते ग्राउंड म्हणजे त्यांच्या उपनगरातल्या एका जुन्या क्लबचं. ग्रीसमधून आलेल्या कामगारांनी उभा केलेला क्लब. एके काळी देशातल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळायचा. मग नवी लीग आली, नवे क्लब आले, आणि या जुन्या, कुठून कुठून आलेल्या लोकांनी काढलेल्या क्लबांना बाहेर ठेवलं. त्याच्या आधीच त्यांना मायदेशाची नावं बदला, झेंडे काढा असं सांगून झालं होतं.

"आमच्याकडे या खेळाला स्वतःचं नावसुद्धा मिळत नाही," दादा म्हणायचा. "फुटबॉल म्हटलं की लोकांना तो लांबट चेंडूचा खेळ वाटतो. आपण सॉकर म्हणायचं. शाळेतली निम्मी पोरं हा खेळ खेळतात, आणि मोठी झाली की दुसराच बघतात. जो जरा बरा निघाला तो युरोपात. तुमच्याकडेच येतात बघ."

'तुमच्याकडे' म्हणजे नेदरलँड्समध्ये. तोपर्यंत मी नवऱ्याबरोबर आइंडहोवनला आले होते. चिप बनवायच्या मशीनवर सॉफ्टवेअर लिहायची माझी नोकरी, नवऱ्याचीही तशीच. दादाचा फोन शनिवारी सकाळी यायचा. तिकडे मॅच संपून संध्याकाळ झालेली असायची, इकडे मी पोह्यांना कांदा चिरत असायचे. ऑस्ट्रेलिया पूर्वी छोट्या छोट्या बेटांच्या गटात कशी होती, त्यांना ढीगभर गोलांनी हरवून शेवटी एकाच प्ले-ऑफमध्ये कशी मार खायची, मग आशियाच्या गटात आली तेव्हा कसं बरं झालं, पण खेळाडू आता एका मॅचसाठी अर्धी पृथ्वी ओलांडतात, हे सगळं मी पोहे परतताना ऐकलं आहे. मला त्यातलं निम्मं कळायचं नाही. मी हं हं करायचे.

एका वर्ल्ड कपमध्ये ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्स समोरासमोर आले. आम्ही इथे नवीन होतो. सगळी गल्ली डच संघाच्या केशरी रंगात, शेजाऱ्यांनी लेकीच्या गालावर झेंडा काढलेला, ती तेव्हा बालवाडीच्या वयाची. संध्याकाळी मॅच सुरू झाली आणि दादानं फोन लावून ठेवला. ऑस्ट्रेलियाच्या एकानं लांबून आलेला चेंडू खाली पडूच दिला नाही, हवेतच डाव्या पायानं मारला. गोल. गल्लीत सगळे गप्प आणि माझ्या फोनमधून एकटा दादा ओरडतोय. शेजारीण हसून म्हणाली, "तुझ्या फोनमध्ये शत्रूचा हेर बसला आहे." शेवटी ऑस्ट्रेलिया हरली. दादा म्हणाला, "चला, सवय आहे."

दादा गेला तो कोविडच्या दिवसांत, पण कोविडनं नाही. दुपारी अंगणातलं गवत कापून आत आला, पाणी मागितलं आणि स्वयंपाकघरातच खाली बसला. वहिनीनं अॅम्ब्युलन्स बोलावली, ती लवकर आलीही. हृदय थांबलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद. आई पुण्यात, मी इथे. आम्ही त्याला लॅपटॉपवर शेवटचं पाहिलं, रोज ऑफिसच्या मीटिंग ज्या चौकटीत व्हायच्या त्याच चौकटीत. मध्येच चित्र अडकलं. परत आलं तेव्हा तिथे फक्त ओढलेला पडदा होता आणि वहिनीची पाठ.

नंतर शनिवार सकाळ मला घरात काढवेना. फोन येत नाही हे माहीत असतं, तरी कान तिकडेच. अशाच एका शनिवारी मी काहीतरी करायचं म्हणून दादाच्या क्लबचं नाव मोबाइलवर शोधलं. त्यांच्या मॅच इंटरनेटवर दिसतात हे मला माहीतच नव्हतं. खांबावर एक कॅमेरा, समालोचन नाही, बघणारी मोजकी माणसं. जुन्या मॅचही तशाच ठेवलेल्या. मी दादा असतानाच्या वर्षातली एक लावली आणि कढई गॅसवर ठेवली.

थोड्या वेळानं माझ्या स्वयंपाकघरात दादा ओरडला, "अरे मागे बघ! मागे!"

माझ्या हातातला झारा खाली पडला. मी आधी खरंच मागे वळून पाहिलं.

तो कॅमेऱ्यात दिसत नव्हता. गोलच्या मागे, चौकटीच्या बाहेर कुठेतरी उभा असणार. पण आवाज त्याचाच, जरा घोगरा, शेवटी चिरकणारा. "काय करतोय हा माठ!" "दे ना, दे, डावीकडे मोकळा आहे!" सगळं मराठीत. मी वहिनीला फोन केला. काय ऐकलं ते सांगितलं. ती म्हणाली, "एकदा रेफरीनं त्याला दम दिला होता, फार बडबड करता म्हणून. तेव्हापासून तो मराठीतच ओरडायचा. कुणाला कळायचं नाही, त्यामुळे बाहेरही काढता यायचं नाही."

मग मला नादच लागला. मी एकेक मॅच लावून त्याला शोधायचे. काहींत तो नसायचा, बहुतेक गावाला गेलेला. काहींत नुसतं खोकणं ऐकू यायचं आणि तेवढ्यावर माझा आठवडा जायचा. लेक इथल्या क्लबात खेळते, तिच्या मॅचही शनिवारी सकाळी. मी टचलाइनवर छत्री धरून उभी राहायचे आणि एका कानात दादा. समोर माझी पोरगी पळते आहे आणि मेलेला भाऊ कुणा दुसऱ्याच पोराला सांगतो आहे, अरे पळ, पळ. एकदा लेकीनं गोल केला आणि मला टाळ्या वाजल्यावर कळलं.

नवरा म्हणाला, "हाउसआर्ट्सकडे जाऊन ये ना. नुसतं बोलून ये." हाउसआर्ट्स म्हणजे आमचा फॅमिली डॉक्टर. गेले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आवाज तुम्हाला रेकॉर्डिंग बंद असतानाही ऐकू येतो का?" मी नाही म्हणाले. ते पूर्ण खरं नव्हतं.

आईला ऐकवावं की नाही यावर मी फार विचार केला. शेवटी एक तुकडा व्हिडिओ कॉलवर लावला. आईनं डोळे मिटून ऐकलं. रडली नाही. म्हणाली, "किती ओरडतोय. घसा बसेल त्याचा. त्याला सांग, गरम पाणी पी म्हणून." मी बरं म्हणाले. तिला कळत होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

मग काही वर्षांनी क्लब देशाच्या नव्या दुसऱ्या दर्जाच्या स्पर्धेत आला. इतकी वर्षं दार लावून बाहेर ठेवलेल्या जुन्या क्लबांसाठी काहीतरी उघडलं होतं. दादा असता तर त्यानं मला अर्धा तास सोडलं नसतं. मी ठरवलं, जुनं पुरे, आज चालू मॅच बघायची. लेकीची त्या दिवशी सुट्टी होती, ती सोफ्यावर मोबाइल घेऊन पडली होती. टीव्हीवर पाऊस पडत होता, क्लबचा बचावपटू चेंडू घेऊन उभा, पाठीमागून एक जण धावत येतोय.

"मागे बघ! मागे!"

ही आजची मॅच होती. त्या क्षणाची. दादाला जाऊन वर्षं झाली होती.

लेक उठून बसली. डचमध्ये म्हणाली, "आई, कुणीतरी मराठी बोललं."

म्हणजे तिनंही ऐकलं होतं. मी रिमोट उचलला. तेवढ्यात परत आला आवाज, आणि या वेळी एक नाही, पाच-सहा जण. बायकाही होत्या त्यात. "मागी बाग! मागी!" जाडसर, लांबवलेले उच्चार.

मी तिथल्या तिथे वहिनीला फोन लावला. तिनं पलीकडे सुस्कारा सोडला. "ओरडतात ते सगळे," ती म्हणाली. "तो गेल्यापासून. त्याच्याशेजारी एक म्हातारा ग्रीक उभा राहायचा, त्यानं सुरू केलं. आता तर पोरांनाही माहीत आहे, मागी बाग म्हटलं की पाठीवर माणूस आहे. अर्थ कुणाला ठाऊक नाही, उपयोग माहीत आहे."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"मी जात नाही आता. मला नाही ऐकवत. पहिल्यांदा ओरडले तेव्हा मी थर्मास तिथेच टाकून गाडीत जाऊन बसले."

तिला तो आवाज नको होता आणि मी त्याच्यासाठी शनिवार धरून बसले होते.

त्यानंतर काही दिवसांनी क्लबनं मॅच दाखवणारी कंपनी बदलली आणि जुने सगळे व्हिडिओ गेले. मी क्लबला मेल केला, फोन केला. एका बाईनं फार मायेनं उत्तर दिलं, पण त्यांच्याकडेही काही नव्हतं. मी सॉफ्टवेअर लिहिते, आणि मी त्यातलं काहीच उतरवून घेतलं नव्हतं. ते तिथे आहे असं धरून चालले होते. वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "असू दे. झोप येईल आता तुला." खरंच झोप यायला लागली. फक्त रेकॉर्डिंग बंद असताना कानात यायचा तो आवाजही विरळ व्हायला लागला.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलिया वर्ल्ड कपला पात्र ठरली, या वेळी प्ले-ऑफच्या टांगणीशिवाय, थेट. ज्या दिवशी ते नक्की झालं त्या दिवशी मी ऑफिसमध्ये होते. सहकाऱ्यांना सांगून उपयोग नव्हता. मी सायकल काढली आणि कालव्याच्या कडेनं उगाच लांबून घरी आले.

गेल्या शनिवारी लेक माझ्याशेजारी येऊन बसली. क्लबची मॅच चालू होती, ते लोक आपले ओरडत होते. तिनं मामाला फारसं पाहिलेलं नाही, तिच्यासाठी तो फोनवरचा माणूस एवढाच.

"मामा असंच बोलायचा?" तिनं विचारलं, चक्क मराठीत.

"छे. असं नाही."

"मग कसं?"

मी तिला करून दाखवायला तोंड उघडलं. घोगरा सूर कुठून सुरू होतो, शेवटी कुठे चिरकतो, हे मला पाठ होतं. आणि माझ्या तोंडून जे निघालं ते त्या लोकांचं होतं, जाडसर, लांबवलेलं. मी परत प्रयत्न केला. परत तेच.

लेक वाट बघत होती. टीव्हीवर कुणीतरी चेंडू बाहेर मारला होता आणि एक माणूस तो आणायला कुंपणाकडे चालला होता.