सेन्सरवरची धूळ आणि आईची हनुवटी

कॅमेऱ्यातली धूळ पुसता येते असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा बजाजनगरात राहून दाखवावं. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला सदानकदा खोदलेला रस्ता. लग्नाच्या मांडवात वाऱ्यात लेन्स बदलली की संपलं. गिऱ्हाईक वर शहाणपणा शिकवतं, "भाऊ, काच पुसा ना रुमालानं." अरे बाबा, डाग काचेवर नाही, आत आहे! लेन्सच्या मागं जिथं चित्र उमटतं, त्या सेन्सरवर धुळीचा कण बसतो, आणि मग प्रत्येक फोटोत त्याच जागी करडा ठिपका येतो. आभाळात येतो, नवरीच्या गालावर येतो, भन्तेजींच्या चीवरावर येतो. रबरी पंपानं हवा मारायची. कण उडाला तर उडाला, नाहीतर फोटो कॉम्प्युटरवर घेऊन एकेक ठिपका क्लिक करून काढायचा.

वीस वर्षं मी हेच करतोय. माझे डोळे आता माणूस बघतच नाहीत, ठिपका बघतात. "तुम्ही माझ्याकडं बघता का माझे डाग मोजता?" असं म्हणून बायको माहेरी गेली, ती परत आलीच नाही. कारणं बाकीही होती, पण शेवटचं बोलली ते हे. मग दोन खोल्यांत मी आणि आई, एवढेच उरलो.

यंदा आई गेली. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. वंदना होणार, माणसं जेवून जाणार, आणि टेबलावर मेणबत्त्यांशेजारी आईचा मोठा फोटो असणार. फोटोचं काम अर्थात माझ्याकडं. दोन हिवाळ्यांपूर्वी मी तिला पांढऱ्या भिंतीपुढं खुर्चीत बसवून सहा फोटो घेतले होते. त्यातला बरा निवडला, मोठा करून आणला, फ्रेम केली. माझी बहीण देवगाव रंगारीहून आली होती. मी कागद सोडवून फ्रेम तिच्यापुढं धरली. ती बराच वेळ बघत राहिली.

"दादा, ही कोण?"

"कोण म्हणजे? आई."

"आईचं गोंदण कुठंय?"

मी फ्रेम उलटी करून स्वतःकडं वळवली. हनुवटी कोरी. लहानपणी गोंदवलेले हिरवट ठिपके, जे आम्ही जन्मापासून बघत आलो, ते नव्हते. कसं झालं ते मला त्याच क्षणी कळलं, कारण ते माझ्याशिवाय कुणाकडून होणंच शक्य नव्हतं.

फोटो घेतले त्या दिवशी कॅमेऱ्यात खूप धूळ होती. भिंतीवर सात-आठ ठिपके उमटले होते. दुसऱ्या दिवशी लग्नाचं काम, डोक्यावर घाई. मी ठिपके काढत सुटलो आणि त्याच झपाट्यात आईच्या हनुवटीवरचेही काढले. धूळ समजून! आणि कॅमेरा स्टँडवर, आई एका जागी बसलेली, म्हणजे सहाही फोटोंत ठिपके त्याच जागी. असं असलं की आम्ही एक फोटो साफ करतो आणि तीच सफाई बाकीच्यांना एका फटक्यात लावतो. मी लावली. मूळ फोटोंवरच सेव्ह केलं आणि कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड रिकामं करून लग्नाला नेलं. तेव्हा आईला स्क्रीनवर दाखवलंसुद्धा होतं. ती अगदी जवळ येऊन बघत राहिली, म्हणाली, "लई साफ केलंस रे मला," आणि चहा टाकायला गेली. तिला कळलं असेल का, हा विचार मला आता खातो.

दुसरे फोटो शोधले. तिला फोटोचं वावडं. पदर तोंडावर ओढून घ्यायची. भाच्याच्या मोबाईलनं तर तिला गोरीगुलाबी करून ठेवलेलं, सुरकुतीसुद्धा शिल्लक नाही, गोंदण तर नाहीच.

"परत लाव मग ते ठिपके," बहीण म्हणाली.

"किती होते? तीन ना?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की वाटलं, भुईत गडप व्हावं. "रोज तिच्या हातचं खात होतास नं दादा? अन् मला विचारतोस?" ती रडायलाच लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "तीन होते. पण कसे होते ते मी काय बोटानं काढून दाखवू? मावशीकडं जा. दोघींनी एकाच दिवशी गोंदवून घेतलंय. आणि लवकर जा, असा फोटो मी टेबलावर ठेवू देणार नाय."

मावशी गंगापूरच्या पुढं एका खेड्यात राहते. सकाळी जीपमध्ये स्वतःला कोंबून तिकडं गेलो. गुडघ्यांमुळं तिला आईच्या मातीला येता आलं नव्हतं. मी फोनवर दोन मिनिटांत कळवून मोकळा झालो होतो. मुलगा-सून पुण्याला, ती एकटीच ओट्यावर बसलेली.

"आलास व्हय? ये, बस. जेवलास का?"

"जेवण नंतर, मावशी. आधी फोटो. ऊन चांगलंय, सरकेल." मी सगळा घोळ तिला सांगितला. ती ऐकत राहिली, मग एकदम हसली.

"माझं गोंदण चालायचं नाय रं तिला. माझे तिन्ही सरळ हायेत. गोंदणारीनं सुई लावली तशी ती ओरडून हलली, म्हणून तिचा खालचा ठिपका डावीकडं सरकलेला. आमच्या आईनं वर एक धपाटा घातला तिला."

हे मला माहीतच नव्हतं. मी घाईघाईनं म्हणालो, "ठिपके घेतो तुमचे, खालचा सरकवतो." कॅमेरा जवळ नेला, तिची हनुवटी बोटानं जरा वर केली, चार-पाच फोटो घेतले. मोठे करून बघितले. रंग स्वच्छ आला होता, हिरवा-निळा. काम झालं. मी लेन्सवर झाकण बसवलं.

"झालं?" मावशीनं विचारलं.

"झालं. उत्तम आलंय."

"नुस्ती हनुवटीच घेतलीस?"

मी मान वर केली. तेव्हा कुठं तिचं तोंड मला दिसलं. डोळे सुजलेले. पांढरं लुगडं. ओट्यावर तिच्याशेजारी एक पाट मांडून ठेवलेला, भेटायला येणाऱ्यासाठी.

"दहा दिस झाले," ती म्हणाली. "माझी भन गेली अन् माझ्याकडं कुणी आलंच नाय. मी रोज पाट टाकते. आज तू आलास, तर फोटोच काढत बसलास. बस हितं. कशी गेली ती, सांग."

मी पाटावर बसलो. आईला दवाखान्यात मी एकट्यानंच नेलं होतं, एकट्यानंच परत आणलं होतं, आणि इतक्या दिवसांत कुणीच मला हे विचारलं नव्हतं. सगळ्यांनी मंडपाचं, जेवणाचं, फोटोचं विचारलं. "पहाटे," मी म्हणालो, "पाणी मागितलं तिनं." मावशीनं माझा हात धरला, तसाच मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "पाणी दिलंस का?"

"दिलं," मी म्हणालो.