डाळ मिलमधली शिकवणी

बी.कॉम. झाल्यावर घरच्यांचा एकच धोशा होता, बी.एड. कर आणि शाळेत लाग. मला मास्तरीण व्हायचं नव्हतं. धुळ्याच्या आमच्या कॉलेजात त्याच वर्षी मटेरियल मॅनेजमेंटचा डिप्लोमा निघाला आणि मी हट्टानं त्याला नाव घातलं. माल कुठून आणायचा, किती साठवायचा, वेळेवर कसा पोचवायचा, हे कुणी वर्गात बसवून शिकवतं याचंच आमच्या आबांना नवल वाटे. "आते हाई बी शिकनं पडस का?" असं ते सोनगीरच्या स्टँडवर मला एसटीत बसवताना रोज म्हणायचे, पण पास काढून द्यायचे.

वर्गात मुली आम्ही दोघीच, त्यातल्या एकीचं दिवाळीत लग्न झालं. उरले मी. जानेवारीत प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची वेळ आली तेव्हा सरांनी मुलांना औद्योगिक वसाहतीत वाटून टाकलं आणि माझ्यापाशी येऊन थांबले.

"तुझं कोण आहे जळगावात?"

"मावशी आहे सर."

"मग झालं. तिथल्या एका डाळ मिलचे शेठ ओळखीचे आहेत. आपल्या वर्गातला एक मुलगाही तिथंच आहे, म्हणजे सोबत होईल."

तो मुलगा धरणगावकडचा, अबोल आणि सरळ. परीक्षेआधी माझ्या वह्या न्यायचा आणि नीट परत आणून द्यायचा. सोबत म्हणून मला त्याचं काही वाटलं नाही. मी खुशीतच होते. नवीन तुरीचा हंगाम, गेटवर ट्रकांची रांग. तूर येते, तिला तेल-पाणी लावून अंगणात वाळवतात, भरडतात, डाळ गोण्यांत भरून गाड्या रवाना होतात. पुस्तकात वाचलेलं सगळं एका आवारात बघायला मिळणार होतं.

पहिल्या दिवशी शेठनी आम्हा दोघांना चहा पाजला. मग मुकादमाला हाक मारून म्हणाले, "या मुलाला आत फिरवून आण." मीही उठले तेव्हा ते म्हणाले, "तू बस बेटा. आत फार धूळ आहे. हमाल लोक असतात, तोंडाला लगाम नसतो त्यांच्या."

"मला चालेल शेठजी. मला तेच शिकायचंय."

"शिकशील, शिकशील. घाई काय आहे?"

दुपारपर्यंत मी ऑफिसात पेपर वाचत बसले. दुसऱ्या दिवशी शेठकडे इंदूरहून येणारा हिंदी पेपर वाचला. तिसऱ्या दिवशी शेठ म्हणाले, "इथं एकटी बसून कंटाळतेस. घरी जा, भाभींकडे. आमची मुलगी दहावीला आहे, गणितात कच्ची आहे. तिला जरा बघ." घर मिलच्या आवारातच, मागच्या बाजूला होतं.

अशी मी डाळ मिलच्या प्रशिक्षणात शिकवणी घेऊ लागले.

भाभी वाईट असत्या तर सोपं गेलं असतं. मी गेले की त्या गरम फुलके वाढायच्या, माझ्या आईची चौकशी करायच्या, केसांना लावायला तेल द्यायच्या. मुलगीही गुणी होती. समीकरणं सोडवताना जीभ बाहेर काढून बसायची. रागवायचं कुणावर? भिंतीपलीकडे यंत्रांची घरघर चाललेली, आणि मी म्हणतेय, "क्ष अलीकडे आणला की चिन्ह बदलतं." सोडवून झालं की मी खिडकीशी जाई. तिथून मिलची मागची बाजू दिसे, पत्रे आणि त्यांवर बसलेली कबुतरं.

जेवणाच्या सुट्टीत तो मुलगा मला आतलं सांगे. आज काटा बिघडला होता, आज अमुक गाडी परत पाठवली. मी विचारी, "का परत पाठवली? ओल जास्त होती का?" त्याला ते विचारायचं सुचलेलं नसे. माझा जीव नुसता तळमळायचा. डोळे त्याचे आणि प्रश्न माझे, असा तो कारभार होता.

मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "नशीब समज. सावलीत बसून काम होतंय." सरांना फोन केला. ते म्हणाले, "सर्टिफिकेट मिळतंय ना? मग कशाला वाकड्यात शिरतेस?"

फेब्रुवारीत एक दिवस मिल बंद पडली. यंत्र बिघडलं नव्हतं की वीज गेली नव्हती. गोण्याच संपल्या होत्या. कलकत्त्याहून येणारं बारदान वाटेत अडकलं होतं. आत डाळीचे ढीग जमिनीवर लागले आणि बाहेर गाड्या खोळंबल्या. शेठचा आवाज घरापर्यंत येत होता. मी त्या मुलाला बोलावून घेतलं, रोज साधारण किती गोण्या भरतात, बारदान यायला किती दिवस लागतात, कधी जास्त लागले, सगळं विचारलं. शेठच्या मुलीला उदाहरणं घालून दिली आणि शेजारी बसून मी माझं गणित मांडलं. साठा कुठवर उतरला की नवी मागणी करायला हवी, ते काढलं. अवघड काहीच नव्हतं त्यात. आमच्या अभ्यासातला तो दुसरा का तिसरा धडा.

तो ते घेऊन शेठकडे गेला. परत आला तो चेहरा पाडून.

"काय म्हणाले?"

"आवडलं त्यांना. मी सांगितलं, हे माझं नाही, तिनं काढलंय."

"मग?"

"म्हणाले, मुलगी हुशार आहे, आमच्या पोरीचं गणित आता पक्कं होणार. आणि मला म्हणाले, परीक्षा झाली की इथं कामाला ये."

त्याच्या घरी दोन बहिणी लग्नाच्या होत्या. तो नाही म्हणणार नव्हता आणि त्यानं तसं म्हणावं असं मलाही वाटत नव्हतं. तरी मी तिथून उठले आणि शेठच्या मुलीची वही तपासायला गेले.

प्रशिक्षण संपायला आलं तेव्हा मी कुणालाही न विचारता गोदामात शिरले. बारदान आलेलं होतं, गाडी भरणं चालू होतं. आत पाऊल टाकलं आणि नाकात तुरीचा कोंडा गेला. छतापर्यंत थप्प्या रचलेल्या. पाठीवर गोणी घेतलेला एक हमाल मला बघून तसाच उभा राहिला. त्याच्यामागचाही थांबला. मग सगळेच थांबले.

मुकादम धावत आला. "अक्का, तुम्हनं आठे काय काम शे?"

"काही नाही, बघायला आलेय. तुमचं चालू द्या."

चालू मात्र काहीच झालं नाही. कुणी वावगं बोललं नाही की हसलं नाही, पण एकही जण हलेना. कुणीतरी शेठना बोलावलं. ते ओरडले असते तर मी भांडले असते. ते शांतपणे म्हणाले, "बघितलंस बेटा? तू आलीस आणि काम थांबलं. मी काय वेगळं सांगत होतो?"

रोज आले असते तर त्यांना माझी सवय झाली असती, हे मला मावशीच्या घरी पोचल्यावर सुचलं. तेव्हा ऐकायला तिथं मावशीची म्हैस तेवढी होती.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी विचारलं, "वाळवण्याच्या टप्प्यावर माल किती काळ अडकतो?" मी उत्तर दिलं. "हे प्रत्यक्ष पाहिलंत?"

"नाही. मला आत सोडलं नाही."

सर खिडकीबाहेर बघू लागले. परीक्षक म्हणाले, "खरं बोललात, चांगलं आहे. पण गुण मी प्रत्यक्ष अनुभवाचेच देऊ शकतो." मी काठावर पास झाले. घरी आले तर आबा ओट्यावर बसले होते.

"पास व्हयनी ना?"

"हो."

"मंग तोंड असं का?"

मी आत जाऊन झोपले.

जूनमध्ये तो मुलगा सोनगीरला आला. आता तो मिलमध्ये कामाला होता. शेठची मुलगी दहावीला गणितात भरघोस गुण मिळवून पास झाली होती आणि भाभींनी त्याच्या हाती पेढे पाठवले होते. आईनं गल्लीत वाटले, माझ्या लेकीनं शिकवलं म्हणून. आम्ही दोघं अंगणात बसलो. तो बराच वाळला होता.

"तिथं शिकायला काही नाही," तो म्हणाला. "सगळं शेठच्या डोक्यात असतं. मी नुसता गाड्यांमागं पळतो."

"निदान पळतोस तरी," मी म्हणाले. फार तीक्ष्ण निघालं ते. तो चहा अर्धा ठेवून उठला आणि गेटपाशी जाऊन म्हणाला, "आग्रा रोडवर एका स्पेअर पार्टवाल्याला माणूस हवाय. विचारून बघ."

पुढच्या आठवड्यात मी धुळ्याला त्या दुकानात गेले. मालकानं विचारलं, "टायपिंग येतं?"

"येतं."

"मग ये सोमवारपासून."

माझ्या डिप्लोम्याचं त्यानं काही विचारलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही. पत्रं टाइप करत मी तिथं लागले. गोदामाची किल्ली माझ्या हातात आली ती पुष्कळ वर्षांनी, जुना स्टोअरकीपर आजारी पडल्यामुळे, आणि तीही मालकानं "तात्पुरती" म्हणून दिली.