रुमालाआडचे गणपती

बडोद्यात पाणीगेटच्या आतल्या बोळात सकाळी निळी ताडपत्री वर सरकते आणि रंगमंच उघडतो. फळ्यांवर ओळीने गणपती बसलेले. कोणाचं सोवळं पिवळं, कोणाची सोंड अजून ओली, पण डोळे एकालाही नाहीत. मधोमध पाटावर धनाजीराव. अंगात बनियन, मांडीवर रंगाची वाटी, ब्रश दातांत. वर्षानुवर्षं हाच प्रवेश आणि हाच नट, तरी बोळातून जाणारा प्रत्येक जण क्षणभर थांबून बघतोच.

घराणं गायकवाडी फौजेतलं. आजोबांच्या हातात तलवार होती, नातवाच्या हाती शाडू आला. शिस्त तेवढी फौजेचीच राहिली. नियम एकच, डोळे सगळ्यात शेवटी आखायचे, मूर्ती घरी जायची त्याच दिवशी. “डोळे उघडले की तो पाहुणा,” धनाजीराव सांगत. “पाहुण्याला कारखान्यात ताटकळत बसवायचं नाही.”

हे डोळे अलीकडे शिवांगी आखायची. शिवांगी धाकट्या भावाची मुलगी. भाऊ कोयलीला रिफायनरीत, आणि पोर लहानपणापासून काकांच्या कारखान्यात. पुढे तिने चित्रकलेची पदवी घेतली. धनाजीरावांचा हात थरथरायला लागला होता. ते चष्म्याला नावं ठेवत आणि ती मुकाट्याने ब्रश उचले.

यंदा तिला इंग्लंडमधल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. जुनी, जीर्ण चित्रं दुरुस्त करून सांभाळायची कशी, याचं शिक्षण. व्हिसा आला, राहायची खोली ठरली, काकूने मेतकूटही दळून ठेवलं. मग कोणीतरी पंचांग उघडलं. अधिक महिन्यामुळे गणपती सप्टेंबरच्या मध्यावर गेले होते आणि नेमके तेव्हाच तिचे वर्ग सुरू होत होते.

आषाढातल्या एका दुपारी ती समोर येऊन बसली.

“काका, मी वर्षभर थांबते. प्रवेश पुढे ढकलता येतो. मी विचारलंय त्यांना.”

“का बरं?”

“असंच.”

“असंच कोणी इंग्लंड सोडतं होय? माझ्या हाताकडे बघून बोलतेयस तू.”

ती रंग ढवळत राहिली. धनाजीराव त्या वाटीकडे बघत बसले. एक वर्ष थांबली तर पुढच्या वर्षीही थांबेल, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. हात काही सुधारणार नव्हता. पोरीचं जाणं या बोळातच राहून जाणार आणि कारण आपण असणार.

दुसऱ्या दिवशी ते लहरीपुऱ्याच्या बाजारात जाऊन पांढऱ्या रुमालांचे गठ्ठे घेऊन आले. अख्ख्या शहराला सर्दी झाल्यासारखे रुमाल बघून दुकानदाराने विचारलं, “काका, आखा वडोदराने शरदी थई छे?”

“थवानी छे,” होणारच आहे, असं म्हणून ते निघाले.

कारखान्याचा क्रमच त्यांनी उलटा केला. आधी फक्त चेहरे रंगवायचे. चेहरा वाळला की शिवांगीने डोळे आखायचे आणि लगेच वर रुमाल घालायचा. सोवळं, शेला, दागिने मागाहून. तेवढं थरथरत्या हातालाही जमत होतं.

“काका, तुमचा नियम?” शिवांगीने विचारलं.

“नियम माझा आहे ना? मग मोडीनही मीच. बस पाटावर.”

ती बसली. श्रावणभर काम चाललं. त्यात एकदा भास्करराव आले. निवृत्त मास्तर, जुनं गिऱ्हाईक, जिभेला धार.

“धनाजी, मला इतकी वर्षं शेवटच्या दिवसापर्यंत बाहेर उभं केलंस आणि आता महिनाभर आधी डोळे? म्हातारा झालास की काय?”

“झालो. हळू बोला मास्तर, झोपलेत सगळे.”

“उचलू का जरा रुमाल? एकच.”

“हात लावून तर बघा. पुढच्या वर्षी फोटो आणून बसवावा लागेल.”

मास्तरांनी हात मागे घेतला. मग शिवांगीकडे वळून हळूच म्हणाले, “जा हो दीकरा, जा पोरी. याची काळजी करू नकोस, आम्ही आहोत याच्याशी भांडायला.”

शिवांगी निघायच्या आदल्या दिवशी फळ्यांवर रुमालच रुमाल होते. एक मूर्ती तेवढी उघडी होती, कोपऱ्यातली, घरच्या देव्हाऱ्यासमोर बसणारी. तिने ती पाटावर घेतली आणि ब्रशाला टोक काढलं. “ही राहिलीच होती,” ती म्हणाली.

धनाजीरावांनी तिच्या बोटांतून ब्रश अलगद काढून घेतला.

“राहू दे तो. घरचाच आहे, मी करतो. जरा तिरका बघायला लागला तर म्हणू, दाराकडे बघतोय.”