आत्याच्या गोळ्यांचं ॲप

माझी आत्या सुनेशी अबोला धरून गेली. त्या अबोल्याला कारण मी आहे.

काल दुपारी वारली, सुकापूरच्या घरी.

आत्या धवलारीण. म्हणजे आमच्या आगरी समाजात धवले गाऊन लग्न लावणारी. पार जासईपर्यंत बोलावणी असायची तिला.

कॅन्सर झालाय हे तिने फक्त मला सांगितलं, कारण हॉस्पिटलला मी न्यायचे.

"नातीची हलद होऊ दे गो. आदी कललं तर मना गाऊ देनार नाय कोन."

गोळ्यांच्या वेळा चुकायला लागल्या, म्हणून तिच्या फोनमध्ये मी एक ॲप टाकलं. ओपन सोर्स.

काय ऐटीत सांगितलं होतं! "आत्या, याचा कोड सगळ्यांना उघडा असतो. इथे तुझी माहिती कोणी विकणार नाही."

"मना त्यातला काय कलत नाय. तू सांगतेस ना, मंग झाला."

मी त्या कोडची एक ओळ वाचली नव्हती. कोणीतरी वाचत असेलच की, म्हटलं.

मध्येच ते ॲप दुसऱ्याच माणसांच्या हातात गेलं. नवीन अपडेटमधून गोळ्यांची नावं आणि फोन नंबर जाहिरातवाल्यांकडे जायला लागले.

एक दिवस आत्या अंघोळीला गेलेली. फोन निर्मला वहिनीने, म्हणजे तिच्या सुनेने उचलला.

"मॅडम, कॅन्सरच्या औषधांवर डिस्काउंट आहे."

झालं. घरभर कळलं.

आत्या वहिनीवरच उखडली. "माजी गोल्यांची पिशवी उचकून भायेर सांगलंस तू! मी कुनाला सांगलंच नाय, तं फोन येल कसा?"

वहिनी रडून शपथा घेत होती. कोणाला पटेना.

मी घरी येऊन ॲपचं पान उघडलं. तिथे कुणीतरी आधीच स्पष्ट लिहून ठेवलं होतं: माहिती बाहेर जातेय, ॲप काढून टाका.

मी आत्याच्या फोनमधून ते गुपचूप काढलं. तोंड उघडलं नाही. आयटीवाली ना मी! लाज आडवी आली.

हळदीला आत्याला खुर्चीत बसवून ठेवलं. धवले दुसऱ्या बाईने म्हटले. वहिनीने सरबत दिलं तर आत्याने मान फिरवली. मी शेजारीच उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

ओपन सोर्स वाईट असं मी आजही म्हणणार नाही. उघडं होतं म्हणून तर कुणाला तरी सापडलं. पण मला बघायचा कंटाळा, आणि सांगायची हिंमत नाही.

आज सकाळी वहिनीला सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. थांबली नाही.

"आईंना सांगायला पायजे होता, ताई."

घरातले अजून तिलाच बोल लावतात, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

आत्या, तुझी सून खोटं बोलली नव्हती गं.

भरल्या मनाने तुला निरोप.