सावंतांची जोडी आणि माझे कान

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सुधाला, माझ्या बायकोलासुद्धा नाही, आणि तिला तर माझं बरंचसं न सांगताच कळायचं. तुम्हाला का सांगतोय? मलाही नीट माहीत नाही. पण सांगतो.

ऐंशीच्या दशकात मुलुंडला माझं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, जिन्याखालची जागा. दोन माणसं उभी राहिली की भरायची. पण नाव होतं. कुणाच्या ॲम्प्लिफायरमध्ये बारीक गुणगुण येत असली की आधी माझ्याकडे आणायचे. तिथल्याच वाचनालयाच्या हॉलमध्ये आमचं एक श्रवण मंडळ भरायचं. दर रविवारी सकाळी पंधरा-वीस माणसं सतरंजीवर बसून रेकॉर्डी ऐकायची. तिथे मला कानसेन म्हणत. थट्टेनंच म्हणत, पण मला ती थट्टा आवडायची. फार आवडायची.

सावंत भांडुपहून यायचे. मूळचे मालवणकडचे, बुटके, कमी बोलणारे. भांडुपला स्पीकर बनवणारी एक कंपनी होती, तिथे त्यांनी वीसेक वर्षं काढलेली. शेवटच्या टेबलावर बसायचे. तयार झालेला प्रत्येक स्पीकर ते कानानं ऐकायचे आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय तो खोक्यात जायचा नाही. मग जपानी माल आला, टेपरेकॉर्डरातच स्पीकर येऊ लागले, आणि कंपनीला टाळं लागलं. तिथली शेवटची एक जोडी सावंतांकडे राहिली होती. सागवानी खोकी, पुढे मातकट रंगाची जाळी. घरात दोन खोल्या, पण त्या जोडीला खिडकीपासची जागा.

मंडळाला हॉलसाठी नवे स्पीकर हवे होते. एका सभासदाच्या भावानं दुबईहून एक जोडी आणली होती, ती तो द्यायला तयार होता. सावंत म्हणाले, माझी न्या. दान म्हणून नाही, म्हणाले, माणसांनी ऐकावी म्हणून. तेव्हा ठरलं की पुढच्या रविवारी दोन्ही जोड्या लावायच्या आणि कोणती ठेवायची ते मी सांगायचं.

आता इथे मला थांबावंसं वाटतं. कारण त्या रविवारच्या आधीचं एक सांगायला हवं.

आमच्या दाराची बेल चिमणीच्या आवाजाची होती. त्या वर्षी ती मला ऐकू येईनाशी झाली. सुधा स्वयंपाकघरातून यायची, दार उघडायची, आणि मी दाराशेजारच्या खुर्चीत पेपर वाचत असायचो. एकदा म्हणाली, कुठे लक्ष असतं तुमचं? मी म्हटलं, पेपरात. मनगटावरच्या घड्याळाचा बीपही गेला. मी घड्याळ कानाला लावून पाहिलं, दोन्ही कानांना. मग ते काढून कपाटात ठेवलं. म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं — पण ज्याला माहीत नसतं, तो घड्याळ कपाटात ठेवतो का?

रविवारी हॉल भरलेला. सावंत इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आधी दुबईची जोडी लावली. रेकॉर्ड भजनाची होती, मागे टाळ. ती जोडी जरा किंचाळायची, वरचे स्वर उगाच पुढे काढायची, म्हणूनच ते टाळ माझ्यापर्यंत पोचले. मग सावंतांची लावली. गायकाचा आवाज असा आला, की माणूस सतरंजीवर येऊन बसलाय. पखवाज पोटात उतरला. आणि टाळ — नव्हते.

मी पुढे सरकलो. डोकं वळवून दुसरा कान लावला. नव्हतेच. मागे वळून पाहिलं तर सगळे माझ्याकडे बघत होते. काहीजणांनी डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान. त्यांना ऐकू येत होतं, हे मला दिसत होतं.

काय अवघड होतं सांगायला? मला वरचे स्वर ऐकू येत नाहीत हल्ली — एवढं एक वाक्य. पण मग दुकान? मग कानसेन?

मी म्हटलं, ट्वीटर गेलेत, वरचे स्वर काढणारे आतले छोटे स्पीकर. जुना माल आहे, व्हायचंच.

कानसेनानं सांगितल्यावर कोण बोलणार? डोळे मिटून बसलेल्या एकानंसुद्धा मान डोलावली. सावंत मात्र उठून आपल्या स्पीकरजवळ गेले, वाकले आणि एरवी कधी मंडळात बोलत नसत त्या आपल्या बोलीत हळूच म्हणाले, "माका तर ऐकाक येता, भाऊ."

आणि मी, सगळ्यांच्या देखत, त्यांना म्हणालो, "सावंत, तुम्ही आठवणीतून ऐकताय."

हसले लोक. वाईट हेतूनं नाही. सावंतही थोडं हसले. टेम्पोत जोडी चढवताना मी हात लावायला गेलो, तर म्हणाले, राहू दे, मी नेतो.

काही महिन्यांनी मी घाटकोपरला एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. सुधाला दातांचं सांगितलं. डॉक्टरांनी कागदावरची खाली घसरलेली रेघ दाखवली आणि म्हणाले, हे आजकालचं नाही. तिथून मी सरळ भांडुपला गेलो. सांगायलाच गेलो होतो, यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

सावंतांच्या मुलीनं दार उघडलं. खिडकीपाशी स्पीकर नव्हते. सावंतांनी मला बसवलं, चहा सांगितला आणि स्वतःहूनच बोलू लागले. दोन्ही खोकी उघडली होती त्यांनी. तारा, सोल्डरिंगचे डाग, सगळं तपासलं. दोष सापडला नाही. "म्हणजे दोष माझ्या कानात असणार," म्हणाले. "किती वर्षं होता, देव जाणे. तिथे बसून किती खराब माल पास केला असेन मी? कंपनी उगाच नाही बुडाली, भाऊ."

कप माझ्या हातात होता. मुलगी दारात उभी होती. डॉक्टरांचा कागद माझ्या खिशात होता.

मी म्हणालो, वयामुळे होतं असं. मनाला लावून घेऊ नका.

हे सांगायचं होतं. हॉलमधलं नाही, हॉलमध्ये घाबरलो होतो. इथे मी घाबरलो नव्हतो. दारातली मुलगी सोडली तर इथे समोर एकटे सावंत होते, आणि ते मला दोष देत नव्हते, आणि मला ते बरं वाटलं.

जोडी त्यांनी नंतर भंगारात दिली. पुढे ते घरातला रेडिओ घेऊन माझ्या दुकानात यायचे. बिघडलेला नसायचाच. काउंटरवर ठेवून म्हणायचे, जरा ऐकून सांगा, बरोबर वाजतोय ना? मी कान लावायचो. बरोबर आहे, म्हणायचो. समाधानानं पिशवीत घालून घेऊन जायचे. हे सात-आठ वर्षं चाललं.

ते गेले तेव्हा मी भांडुपला गेलो होतो. मुलगी म्हणाली, बाबा तुम्हाला फार मानायचे. मी मान हलवली.

सावंतांचे कान शेवटपर्यंत चांगले होते.