डबलटाकेबाईंची बॅग

बॅगांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेल्या या बाईंना खरं नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतं. बाकी सगळे त्यांना डबलटाकेबाई म्हणत. इतर बायका शिवणीवरून मशीन एकदा मारत, तिथे या दोनदा मारत. सुपरवायझर ओरडायचा, "अहो, दोरा काय झाडाला लागतो?" तर बाई म्हणायच्या, "उद्या बॅग उसवली तर शिव्या मला बसतील, दोऱ्याला नाही." आणि खडखडखड दुसरी ओळ मारून मोकळ्या. त्यांनी शिवलेली बॅग उसवून परत आली असं एकदाही झालं नाही, हे मात्र तो सुपरवायझरसुद्धा कबूल करायचा.

मग कारखाना बंद झाला. बाईंनी तिथलंच एक जुनं मशीन विकत घेऊन घराच्या पुढच्या खोलीत मांडलं. मुलगा म्हणाला, "आई, आता पुरे. ते धूड काढून टाक आणि आमच्याकडे राहायला ये." मुलगा चांगला, सून त्याहून चांगली, आणि तिथेच तर पंचाईत होती. माणसं वाईट असती तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

त्यातच डोंगर चढणाऱ्यांचं सामान विकणारा एक दुकानदार भेटला. त्याने एका बॅगेपुरतं कापड दिलं. जाड, आतून लेप दिलेलं, पाणी न शोषणारं. म्हणाला, "शिवून बघा. पावसात टिकली तर पन्नास बॅगांची ऑर्डर तुम्हाला. महिनाअखेरपर्यंत काय ते कळवा." बाईंनी जीव ओतून ती बॅग शिवली, दुहेरी टाक्यांनी. ती टिकली तर पुढच्या खोलीतलं मशीन चालणार होतं. नाही टिकली तर मशीन भंगारात आणि बाई मुलाच्या घरी.

आता बॅग पावसात न्यायची कशी? इथे सिस्टर आल्या. सिस्टर म्हणजे बाईंची शाळेपासूनची मैत्रीण. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होत्या, म्हणून अख्ख्या गल्लीच्या सिस्टर. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती.

"डबल, परदेशात जाऊ. पाठीला बॅग अडकवायची आणि गावोगाव पायी हिंडायचं," त्या म्हणाल्या. "तिथे या दिवसांत रोज पाऊस असतो. तुझ्या बॅगेची परीक्षा आपोआप होईल."

"अगं, या वयात?"

"मग काय पुढच्या वयात?"

झालं, जायचं ठरलं. बाईंचा उजवा खांदा मशीनवर झिजलेला, म्हणून नवी बॅग सिस्टरनी घेतली. बाईंनी मुलाचं कॉलेजातलं जुनं दप्तर घेतलं आणि एकेक कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला. एवढं करून दोघी निघाल्या.

पाऊस म्हणजे काय, विचारू नका. विमानातून उतरल्यापासून त्याने उसंत दिली नाही. डोंगरातली छोटी छोटी गावं, दगडी रस्ते, वळणावळणाने खाली येणारं गढूळ पाणी, आणि त्यात या दोन बाया, एक पुढे, एक मागे. सिस्टर पुढे चालत आणि बाई मागून त्यांच्या पाठीवरच्या बॅगेकडे बघत चालत. देश बघायला आलोय हे बाई विसरल्याच होत्या. वाटेतला तो मोठा धबधबा सिस्टरनी हाताला धरून दाखवला तेव्हा त्यांना दिसला.

संध्याकाळी मुक्कामाला पोचलं की बाईंचा पहिला प्रश्न, "कसं आहे गं आत?"

"ठणठणीत कोरडं!" सिस्टर म्हणत.

"बघू?"

"माझ्या सामानात हात घालायचा नाही. म्हाताऱ्या बाईची काही गुपितं असतात."

बाई हसत. चौथ्या संध्याकाळपर्यंत त्यांनी मनातल्या मनात पन्नासच्या पन्नास बॅगा कापूनसुद्धा टाकल्या होत्या. हाताखाली शेजाऱ्यांची विधवा सून घ्यायची, पुढच्या खोलीला दुसरा दिवा लावायचा, इथपर्यंत गाडी गेली होती.

पाचव्या दिवशी सिस्टर वाटेतच थरथरायला लागल्या. कशाबशा एका स्वस्त लॉजवर पोचल्या, भर दुपारी पलंगावर आडव्या झाल्या आणि त्यांना ग्लानी आली. कपाळ तव्यासारखं तापलेलं. तापाच्या गोळ्या बॅगेत होत्या. बाईंनी गुपितं गेली चुलीत म्हणत बॅग उघडली.

आत सगळं ओलं. कपडे ओले, टॉवेल ओला, मोजे तर पिळता आले असते. गोळ्यांचं खोकं हातात घेताच लगदा झालं, नशीब की गोळ्या पत्र्याच्या पाकिटात होत्या. बाईंनी बॅग उलटी केली तर तळातून वाटीभर पाणी सांडलं.

"ऊठ," बाई म्हणाल्या. तापलेल्या माणसाला असं उठवू नये, पण त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "कधीपासून गळतेय?"

सिस्टरनी डोळे उघडले, सांडलेलं पाणी बघितलं आणि पुन्हा मिटले. "पहिल्या दिवसापासून."

"आणि तू पाच दिवस ओले कपडे घालून हिंडतेस? मला सांगायचं नाही?"

"काय सांगू? रोज संध्याकाळी तुझा चेहरा बघायचे आणि तोंडातून तेच निघायचं. चौतीस वर्षं तेच केलंय गं. माणूस शेवटच्या घटका मोजत असला तरी म्हणायचं, छान आहे, सुधारणा आहे."

"मी तुझी पेशंट नाही!" बाई ओरडल्या आणि रडायलाच लागल्या. "खोटं बोलायचं आणि तेही रेटून! आता मी कुणाचं खरं मानू? एकतीस वर्षं सगळे म्हणाले, बाईंचं काम पक्कं. तेही असंच असेल. माझा चेहरा बघून."

बाईंनी त्यांना गोळी दिली, आपला कोरडा स्वेटर त्यांच्या अंगात घातला आणि ओलं सामान खोलीभर पसरलं. कारखान्यातल्या बॅगा कधी कुणी पावसात नेऊन बघितल्याच नव्हत्या, हे त्यांच्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. त्या उसवत नव्हत्या, एवढंच. दुसऱ्या दिवशी दुकानदाराला नाही म्हणून फोन करायचा, हे त्यांनी ठरवून टाकलं.

सकाळी ताप थोडा उतरला. बाई सूप आणायला बाहेर पडल्या. सोबत ती रिकामी बॅगही घेतली, कचऱ्याच्या डब्यात टाकायला. खोटं कशाला सांगू, टाकणारच होत्या. पण डब्याच्या अलीकडे एक दुकान लागलं आणि आतून मशीनचा खडखडाट ऐकू आला. मशीनचा आवाज ऐकून बाई पुढे जातील तर शपथ. दारातून डोकावल्या. एक म्हातारा कारागीर तंबूची ताडपत्री शिवत बसला होता. त्याचं लक्ष बाईंच्या हातातल्या बॅगेकडे गेलं. त्याने हात पुढे केला.

त्याची भाषा बाईंना कळेना, बाईंची त्याला. त्याने शिवण चिमटीत धरून ओढून बघितली आणि भुवया उंचावून मान डोलावली. पक्की, असं त्याचं म्हणणं असावं. मग त्याने बॅग उलटी करून खिडकीसमोर उजेडात धरली आणि बाईंना आत बघायला लावलं.

बाईंनी डोकं आत घातलं. शिवणीवरून बारीक बारीक उजेडाचे ठिपके चालले होते. सुईचं प्रत्येक भोक दिसत होतं. आणि एक नाही, दोन ओळी! एका ओळीतून आलं असतं त्याच्या दुप्पट पाणी बाईंनी स्वतःच्या हाताने आत घेतलं होतं. ज्या टाक्यावर नाव कमावलं, तोच नडला होता.

म्हाताऱ्याने जीभ टाळूला लावून "च्च" केलं. त्या आवाजाला भाषांतर लागत नाही. मग त्याने आपली ताडपत्री दाखवली. कडा एकमेकींत दुमडलेल्या, टाक्यांची ओळ एकच, सुई बारीक, दोरा मेणातून ओढलेला, आणि वरून शिवणीवर मेण घासून गरम इस्त्री फिरवलेली. त्याने मेणाची वडी बाईंच्या हातात ठेवली आणि शेजारचं स्टूल पायाने पुढे सरकवलं. बाई सूप विसरल्या. दुपारपर्यंत त्या आपल्या बॅगेच्या शिवणी मेणाने घासत आणि इस्त्रीने मेण भोकांत मुरवत बसल्या. मग एकदम आठवण झाली आणि सूप घेऊन धावत लॉजवर आल्या. सिस्टर म्हणाल्या, "भूक लागून मेले असते मी." बाई म्हणाल्या, "हे मात्र खरं बोललीस."

दोन दिवसांनी सिस्टर बऱ्या झाल्या आणि दोघी पुढच्या गावाला निघाल्या. पाच तासांची वाट, आणि पाऊस असा की समोरचं झाड दिसेना. बाईंची नजर वाटभर पुढच्या बॅगेवरून हलली नाही. गाव आलं तसं एका बस थांब्याच्या छपराखाली दोघी बसल्या आणि सिस्टरनी बॅग मांडीवर घेतली.

"तूच बघ," बाई म्हणाल्या. त्यांच्याने बघवत नव्हतं.

सिस्टरनी एकेक वस्तू काढून गालाला लावून बघितली. "कपडे कोरडे. टॉवेल कोरडा. मोजे कोरडे."

बाई समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या. कोरडं, कोरडं. चार संध्याकाळी हेच ऐकलं होतं त्यांनी.

सिस्टरनी कोपरापर्यंत हात आत घातला, तळ चाचपला आणि थांबल्या. हात बाहेर काढून बोटं बघितली. एकदा बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं. घसा खाकरला.

"डबल, डाव्या कोपऱ्यात, तळाशी, ओल आहे. चार बोटं."

बाईंनी गर्रकन मान वळवली. "काय म्हणालीस?"

"चार बोटं. ओलं आहे. गळतेय तिथे."

बाईंनी सिस्टरना अशी मिठी मारली की बॅग खाली पडली. डोळे वाहत होते आणि हसू मावत नव्हतं. त्या कोपऱ्यात पट्ट्याचे चार पदर एकावर एक येत होते, तिथे इस्त्री पोचलीच नव्हती. पट्टा दोन बोटं वर घेतला की काम झालं. म्हणजे बाकीची बॅग खरोखर कोरडी होती.

त्यांनी तिथूनच दुकानदाराला फोन लावला.

"तुमची बॅग गळते," बाई म्हणाल्या. "आणि पन्नास बॅगांची ऑर्डर मी घेतेय."

पलीकडे दुकानदार गोंधळला. "गळते म्हणता, आणि ऑर्डर घेता?"

"हो. कुठे गळते ते मला खरं सांगणारं माणूस आहे आता."