डाय कोण लावतं?

नवे साहेब पहिल्यांदा कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये आले आणि कावळेमामांना पाहून त्यांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला. सगळे दिवे मामांच्या डोक्यावर येऊन विझतात की काय, असं त्यांना वाटलं असावं. इतके काळे केस देव कुणालाच देत नाही. मामांनाही त्याने दिले नव्हते. ते मामींनी दिले होते, दर रविवारी न्हाणीघरात बसवून, जुन्या टूथब्रशने.

मामांचं वय एकसष्ट. कारखान्यात सांगितलेलं छप्पन्न. साठी उलटलेल्यांना हे साहेब घरी पाठवणार, अशी आवई उठली होती, आणि धाकट्या लेकीचं शिक्षण पुरं व्हायला अजून दोन वर्षं होती.

पत्रा कापणारा पोलादी साचा, त्याला शॉपमध्ये डाय म्हणत. ती प्रेसवर लावण्यात मामांचा जन्म गेलेला. केसांच्या रंगालाही डायच म्हणतात. इंग्रजीत लिहिताना म्हणे दोन्हींत एका अक्षराचा फरक असतो. बोलताना तेवढाही उरत नाही.

"अहो, हलू नका. कानामागे एक पांढरा राहिलाय, तोच घात करेल," त्या रविवारी मामी म्हणाल्या.

"अगं, लाव. पण भुवयांना नको. मागच्या वेळी मी कुणावर तरी भडकलोय असंच सगळ्यांना वाटत होतं."

दुसऱ्या दिवशी केबिनमधून बोलावणं आलं.

"मामा, टोपी घालून जा," वेल्डर ओरडला. "घाम आला तर गालावर शाई उतरेल!"

मामांनी कपाळ पुसलं. रुमाल काळा झाला. त्यांनी तो घाईघाईने खिशात कोंबला.

साहेबांनी दार लावून घेतलं. चेहरा गंभीर.

"मामा, खरं सांगा. डाय कोण लावतं?"

नाकारण्यात अर्थ नव्हता. साहेबांची नजर थेट कानामागेच गेल्यासारखी वाटत होती.

"मीच, साहेब. म्हणजे... बायको मदत करते."

"बायको? इथे येते?"

"छे छे! घरी. न्हाणीघरात."

"तुम्ही डाय घरी नेता?" साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "ती तर चार माणसांना उचलत नाही!"

मामांना यातलं काहीच ऐकू गेलं नाही. बांध फुटला होता. "दर रविवारी लावतो, साहेब. पोरीच्या शिक्षणासाठी करतो हो सगळं. एकसष्टाव्या वर्षी केस आपसूक काळे कुठून राहणार?"

साहेबांनी खणातून एक पत्रा काढून टेबलावर ठेवला. त्याची कड फाटलेली होती, डाय वाकडी बसली की फाटते तशी.

"मी याबद्दल विचारत होतो."

मामांनी पत्र्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. साहेब हसायला लागले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मामाही हसले. सुटलो, असं वाटून जरा जास्तच हसले.

हसू ओसरल्यावर साहेबांनी डोळे पुसले.

"एकसष्ट म्हणालात ना?"

महिनाअखेरीस मामा निवृत्त झाले. धाकटी शिक्षण सोडून एका दुकानात कामाला लागली. पत्रे अजून फाटतात.